ग्वाल्हेरच्या मेळ्यात नवी गाडी घेताना: कोटेशनपासून नंबरप्लेटपर्यंत

ग्वाल्हेरला नवी गाडी घ्यायची म्हटलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "जानेवारीपर्यंत थांबू या, मेळ्यात टॅक्स अर्धा लागतो." मेळा म्हणजे ग्वाल्हेरचा दरवर्षीचा व्यापार मेळा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. करातली सूट सरकार देतं आणि किमतीतली सूट शोरूम देतं. दोन्ही एका आकड्यात कालवून सांगितल्या की शोरूमची सूट कुठे गेली ते कळतच नाही. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मेळ्याच्या गर्दीत कामांचा क्रम उलटा होतो. आधी पैसे, मग बिल, मग नोंदणी, आणि गाडी नीट पाहायला मिळते ती हार घालून उभी असताना. हा क्रम सरळ ठेवला तर बाकीच्या चुका सावरता येतात.

सवलतीच्या अटी

महाराजा माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्यात आता वाहनांचा विभाग सगळ्यांत गजबजलेला असतो. मेळ्यात विकल्या गेलेल्या खासगी गाड्यांच्या आजीवन करात, म्हणजे नोंदणीच्या वेळी एकदाच भरायच्या वाहन करात, ५० टक्के सूट मिळते. पण ही सूट कायमची नाही. राज्य सरकार त्या त्या मेळ्यासाठी आदेश काढतं, आणि मेळा सुरू झाल्यावरही आदेशाला वेळ लागू शकतो. आदेश निघालेला नसताना "सूट मिळणारच, आत्ता बिल करून टाका" असं कुणी म्हणालं तर थांबा. बुकिंग करून ठेवा, बिल करू नका.

दोन अटी लक्षात ठेवायच्या. गाडीची विक्री मेळ्याच्या काळातच व्हायला हवी आणि कायमची नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच, म्हणजे एमपी ०७ क्रमांकावर, व्हायला हवी. बाहेरगावच्या डीलरनं मेळ्यात विकायचं तर त्याच्याकडे ग्वाल्हेर आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट आणि मेळ्यात प्रत्यक्ष दुकान असावं लागतं. तुमच्या मॉडेलला प्रतीक्षा असेल आणि गाडी मेळा संपल्यावर येणार असेल, तर सूट हातची जाऊ शकते. म्हणून बुकिंगच्या पावतीवरच लिहून घ्या: मेळ्याच्या मुदतीत गाडी देता आली नाही तर बुकिंगची पूर्ण रक्कम परत.

आता हिशेब. समजा एका गाडीचा आजीवन कर ७२ हजार बसतो. मेळ्यात तो ३६ हजार होईल. डिसेंबरात तीच गाडी वर्षअखेरच्या ५० हजारांच्या सुटीवर मिळत होती आणि मेळ्यात शोरूम २० हजारच सोडतंय, असं धरू. डिसेंबरात कर वजा सूट २२ हजार, मेळ्यात १६ हजार. म्हणजे खरा फायदा ३६ हजारांचा नसून ६ हजारांचा. म्हणून डिसेंबरातच दोन-तीन शोरूमची लेखी कोटेशन घेऊन ठेवा आणि मेळ्यात ती समोर ठेवून बोला. "टॅक्समध्ये वाचतायत ना साहेब" हे उत्तर मान्य करू नका. एक्स्चेंज बोनस आणि कॉर्पोरेट सूट यांचा कराच्या सुटीशी काही संबंध नाही.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी आणखी एक गोष्ट. मुलगा किंवा मुलगी पुण्या-मुंबईत नोकरीला असेल आणि गाडी वर्षभरात तिकडेच जाणार असेल, तर मेळ्यातली सूट फारशी कामाची नाही. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर ग्वाल्हेर आरटीओची एनओसी काढून तिथे नव्यानं नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. इथला कर उरलेल्या काळाच्या प्रमाणात परत मागता येतो, पण तो भरलेल्या रकमेवर, म्हणजे अर्ध्या करावर, आणि त्यासाठी खेटे घालावे लागतात. अशी गाडी तिकडेच घेतलेली बरी. नोकरी बीएच मालिकेच्या (राज्य बदललं तरी नव्यानं नोंदणी न लागणाऱ्या भारत मालिकेच्या) नियमात बसत असेल तर तोही पर्याय पाहा.

कोणती गाडी, कोणतं इंधन

मॉडेलची निवड ज्याची त्यानं करावी. इंधनाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवं. रोजची धाव शहरातल्या शहरात, लष्कर भागातून मुरारपर्यंत एवढीच असेल तर आजची डिझेल गाडी घेऊ नका. तिच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पंधरा-वीस मिनिटं वेगात चालावी लागते. महाराज बाड्याभोवतीच्या गर्दीत ते होत नाही. मग दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. महिन्यातून दोनदा आग्रा किंवा शिवपुरी होत असेल तर डिझेलला अडचण नाही.

सीएनजी शहरात मिळतो, पण पंपावरची रांग तुमच्या जाण्यायेण्याच्या वेळी स्वतः पाहून या. डिकीची जागा जाते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, हेही धरून चाला.

जीएसटीचा फरक मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी गाड्यांवर तसंच १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के जीएसटी आहे. एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांच्या किमतीत एवढी तफावत का, याचं उत्तर बरेचदा इथे सापडतं.

सुरक्षेसाठी भारत एनकॅप या सरकारी अपघात-चाचणीचे तारे पाहा. ही चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तारे मोठ्यांचे आणि लहान मुलांचे वेगळे असतात, दोन्ही बघा. पैसे कमी पडत असतील तर सनरूफ सोडा, पण सहा एअरबॅग आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) सोडू नका.

टेस्ट ड्राइव्ह

मेळ्यातल्या दुकानात गाडी फक्त बघता येते. चालवायची असेल तर आधीच्या एखाद्या दिवशी शोरूमला जा, आणि जे इंजिन व जो गिअरबॉक्स घेणार तोच मागा. मॅन्युअल घेणाऱ्याला ऑटोमॅटिक चालवून काहीच कळत नाही. शोरूमचा ठरलेला दोन किलोमीटरचा गुळगुळीत फेरा घेऊ नका. पाटणकर बाजाराच्या बाजूची एखादी अरुंद गल्ली, एक खराब पट्टा आणि किल्ल्यावर जाणारा उरवाई दरवाज्याचा चढ, इतकं तरी चालवून पाहा. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचला. क्लचचं ओझं, मागे घसरण आणि कमी वेगातला जोर तिथेच समजतो. घरातल्या वयस्कर माणसाला सोबत न्या आणि मागच्या सीटवर बसता-उतरताना गुडघ्यांना काय होतं ते विचारा. शक्य असेल तर एकदा अंधार पडल्यावर हेडलाइट पाहा. इथल्या जानेवारीच्या धुक्यात ते कामाला येतात.

कोटेशन ओळीनं वाचा

"ऑन-रोड इतके" हा एक आकडा म्हणजे कोटेशन नव्हे. प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत मागा: एक्स-शोरूम, आजीवन कर, नोंदणी शुल्क, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, अॅक्सेसरीज, आणि प्रत्येक सूट आपल्या नावासह.

गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत आलेला असतो. त्यामुळे "हँडलिंग", "लॉजिस्टिक" किंवा "डेपो" नावाची ओळ दिसली की ती खोडायला सांगा. नंबरप्लेटचे पैसेही वेगळे द्यायचे नसतात. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर हाय सिक्युरिटी प्लेट देणं बंधनकारक आहे. किंमत दहा लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्यानं आगाऊ वसूल केलेला आयकर) लागतो. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणात वळता करता येतो. म्हणून बिलावर पॅन त्याचाच हवा जो विवरण भरतो.

अॅक्सेसरीजचं पॅकेज घेतलं तरच गाडी लवकर मिळेल, असं सांगितलं जातं. मॅट आणि मडफ्लॅप घ्या, बाकीचं बाहेर निम्म्या भावात मिळतं. दोन गोष्टी मात्र स्वस्तात करू नका. सीटमध्येच साइड एअरबॅग असेल तर साधं सीटकव्हर घालायचं नाही. त्या बाजूची शिवण उघडली नाही तर एअरबॅग अडते. आणि वायर कापून लावलेले दिवे, हॉर्न किंवा कॅमेरा यांमुळे विजेच्या भागांची वॉरंटी अडचणीत येते. मूळ कनेक्टरमध्ये बसणारंच सामान लावा.

वाढीव वॉरंटी कंपनीची आहे की डीलरनं बाहेरून आणलेली, हे कागदावर पाहा. कंपनीची असेल तर देशभरातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते.

विमा कुठूनही घेता येतो

डीलरकडूनच विमा घेण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा लागतो. त्याचा दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखाच. २०२२ च्या अधिसूचनेत तो १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १००० ते १५०० सीसीला १०,६४० आणि त्यापुढे २४,५९६ ठरला. जीएसटी वेगळा. घासाघीस होते ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, आणि हा भाग एक वर्षाचाच घ्या.

तुलना करताना दोन्ही कोटेशनमधला आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सारखा आहे का ते आधी पाहा. नव्या गाडीचा आयडीव्ही साधारणपणे एक्स-शोरूम किमतीच्या ९५ टक्के असतो. तो खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवतात. झिरो डेप्रिसिएशन (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) नक्की घ्या, आणि पहिल्या तीन वर्षांत रिटर्न टू इनव्हॉइसही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर बिलाइतकी भरपाई). पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल तर इंजिन संरक्षण. बाकीच्या जोडण्या सोडल्या तरी चालतं. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच असेल तर तो पुन्हा लावू देऊ नका. जुनी गाडी विकत असाल तर तिच्या विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दलच्या सुटीचं, पत्र घ्या. ही सूट ५० टक्क्यांपर्यंत असू शकते, नव्या गाडीच्या विम्यावर मिळते आणि पत्र तीन वर्षं चालतं. डीलर याची आठवण क्वचितच करून देतो.

कर्ज

शोरूममध्ये बसलेला बँकेचा माणूस "फ्लॅट" दर, म्हणजे कर्ज फिटत गेलं तरी मूळ रकमेवरच लागणारं व्याज, सांगत असेल तर कान टवकारा. आठ लाख, पाच वर्षं, ९ टक्के. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे १६,६०७ आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. तोच ९ टक्के फ्लॅट असेल तर हप्ता १९,३३३ आणि व्याज ३ लाख ६० हजार. मुदत सात वर्षांवर नेली तर घटत्या शिलकीवर हप्ता १२,८७१ वर येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं. दर विचारू नका, हप्ता आणि हप्त्यांची संख्या विचारून गुणाकार करा. प्रक्रिया शुल्क आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारा दंड लेखी घ्या. बँकेच्या फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जावर असा दंड लागत नाही, म्हणून बोनस किंवा निवृत्तीची रक्कम येणार असेल तर फ्लोटिंग बरा.

पैसे देताना चेक किंवा ट्रान्सफर, आणि तोही डीलरशिपच्या खात्यावर. सेल्समनच्या मोबाइल नंबरावर एक रुपयाही नको. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यानं मना आहे.

बिलाआधी चेसिस नंबर, नोंदणीआधी तपासणी

इथे सगळ्यांत जास्त ठाम राहायचं. गाडी तुमच्या नावावर नोंदली गेली की तिच्यातला दोष तुमचा होतो. बदलून मागायची तर तोवर तिला एक मालक लागलेला असतो, डीलर ती परत घेत नाही. म्हणून क्रम असा: आधी चेसिस नंबर ठरवून घ्या, ती गाडी यार्डात जाऊन तपासा, मग विमा, मग बिल, मग नोंदणी. बाहेरून विमा घ्यायचा तरी चेसिस आणि इंजिन नंबर लागतोच, तेव्हा नंबर मागायला हे कारणही पुरेसं आहे. मेळ्याच्या शेवटच्या दिवसांत "नोंदणी आज नाही झाली तर सूट जाईल" असा रेटा येतो. तो टाळायचा असेल तर सगळं किमान आठवडाभर आधी उरका.

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो. बऱ्याच कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. महिन्याची खूण कंपनीगणिक वेगळी, ती शोरूमला विचारा. मेळा वर्षाच्या उंबरठ्यावर येतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा माल इथे सर्रास विकला जातो. त्यात गैर काही नाही, पण आरसीवर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलं जातं आणि विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. म्हणून मागच्या वर्षीची गाडी घ्यायची तर ठळक सूट मिळाल्याशिवाय नाही. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, हाच महिना तपासा.

यार्डात दुपारी जा. सकाळच्या धुक्यात आणि संध्याकाळच्या दिव्याखाली रंगातला दोष दिसत नाही. गाडी धुतलेली, कोरडी आणि उन्हात हवी. बाजूनं तिरकं पाहत एकेक पत्रा न्याहाळा. लाटा किंवा छटेतला फरक दिसला तर दारांची आणि बॉनेटची बिजागरी बघा. बोल्टच्या कडांवरचा रंग उडालेला किंवा पान्याची खूण असेल तर तो भाग उघडून पुन्हा बसवलाय. दाराच्या रबरावर रंगाचे बारीक थेंब असतील तर तिथे दुरुस्ती झाली आहे. दोन्ही बाजूंच्या फटी बोटानं तपासा, सारख्या हव्यात. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का हवा.

टायरच्या बाजूला चार अंकी क्रमांक असतो. ३४२५ म्हणजे २०२५ चा चौतिसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा एक-दोन महिने जुना असणं नेहमीचं. गाडीपेक्षा नवा असेल तर तो बदललाय, का ते विचारा. स्टेपनीही काढून पाहा.

मीटरवर ५० किलोमीटरच्या आसपासपर्यंत ठीक. शंभराच्या पुढे गेला असेल तर ती गाडी टेस्ट ड्राइव्हला किंवा दुसऱ्या गावाहून चालवत आणलेली असू शकते. मेळ्यात मांडलेली गाडी शेवटच्या दिवशी स्वस्तात देऊ करतात. हजारो लोकांनी तिची दारं उघडून आपटलेली असतात, म्युझिक आणि दिवे चालू ठेवून बॅटरी वारंवार उतरलेली असते. चांगली सूट आणि नवी बॅटरी मिळत असेल तरच विचार करा.

आत बसल्यावर आधी वास घ्या. कुबट वास आला तर मॅट उचला, गालिच्याखाली हात घाला, सीटच्या रुळांवर गंज आहे का पाहा आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिखलाची रेघ तिथेच उरते. यार्डात पावसाळा काढलेल्या गाडीत हे सापडू शकतं. बॉनेटखाली उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी शोधा, बॅटरीच्या टोकांवर पांढरी पावडर नको. इग्निशन लावताच एअरबॅग, एबीएस आणि इंजिनचे दिवे लागून विझायला हवेत. जो दिवा लागतच नाही, तोही दोषच.

जानेवारीत एसी तपासणं विसरलं जातं. मे-जूनमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा कळून उपयोग नाही. इंजिन गरम झाल्यावर तापमान सगळ्यांत खाली करून दहा मिनिटं चालवा. कॉम्प्रेसर लागल्याचा बारीक आवाज आणि इंजिनवर किंचित भार जाणवला पाहिजे. मागच्या झरोक्यांतूनही हवा यायला हवी. सोबत हीटर, चारही काचा, वायपर, मागचा कॅमेरा आणि दोन्ही चाव्या. पाना, जॅक, त्रिकोण आणि प्रथमोपचार पेटी मोजून घ्या. दोष निघाला तर "डिलिव्हरीआधी करून देऊ" यावर थांबू नका. पत्र्याचा किंवा रंगाचा असेल तर दुसरी गाडी मागा. किरकोळ असेल तर जॉबकार्ड (वर्कशॉपची कामाची नोंद) काढायला लावून त्याची प्रत ठेवा.

ताब्यात घेताना आणि पहिल्या महिन्यात

बिल, फॉर्म २१, फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र), विमा पॉलिसी, कराची पावती, वॉरंटी पुस्तिका आणि फास्टॅगची माहिती हातात आल्याशिवाय निघू नका. कराच्या पावतीवरची रक्कम खरोखर अर्धी आहे का ते तिथेच पाहा. तुमच्याकडून पूर्ण कर घेऊन सरकारात अर्धा भरलेला नाही, याची खात्री त्याच कागदावर होते.

आरसीवरचं नाव आधारशी अक्षरशः जुळायला हवं. इथल्या कचेऱ्यांत मराठी आडनावं आणि मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव इंग्रजीत टाइप करताना हमखास चुकतं. नोंदणीच्या फॉर्म २० वर सही करण्याआधी स्पेलिंग वाचून पाहा. नंतरची दुरुस्ती म्हणजे पुन्हा आरटीओ. कर्ज असेल तर बँकेचं नाव आरसीवर चढलेलं हवं. नंबर मिळाला की तो विम्याच्या पॉलिसीवर आणि फास्टॅगवर चढवून घ्या. प्लेट डीलरकडेच बसवायची, आणि पुढच्या काचेवरचा रंगीत स्टिकर मागायचा: पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी.

यार्डातल्या गाडीच्या टायरमध्ये हवा जास्त भरलेली असू शकते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघून पहिल्याच दिवशी कमी करा, थंड टायरवर. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगात लांब पल्ला काढू नका आणि इंजिनला जास्त ताणू नका. पहिली सर्व्हिस ठरलेल्या तारखेलाच करा. ती चुकली की वॉरंटीच्या वेळी पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं.

लिहून दिलेली सूट, सामान किंवा कागद मिळाला नाही तर आधी डीलरला ईमेल, मग कंपनीच्या ग्राहक विभागाला, आणि तरीही हाललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रारीला कोटेशन, बुकिंगची पावती आणि यार्डात काढलेले तारखेसह फोटो जोडा.